चौथं रीळ

खेचराचं पुढे काय झालं, हे अण्णांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते तोफखान्यात होते. डोंगरात तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादून वर न्यायच्या, अशी त्यांची पलटण. आमचं गाव विट्याहून कडेगावकडे जाताना रस्ता सोडून थोडं आत आहे. मी मात्र सांगलीला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, कारण अण्णांनी त्यांच्या साहेबांच्या मुली इंग्रजीत पत्र लिहिताना पाहिल्या होत्या.

वर्षातून एकदा ते सुट्टीवर येत. येताना सांगलीत उतरून मला बरोबर घेत आणि आम्ही गावी जात असू. दुपारी जेवणं झाली की ते सोप्यात आडवे होऊन म्हणत, "हां, वाच बघू तुजं विंग्रजी."

मी शाळेच्या ग्रंथालयातून एक कादंबरी आणली होती. शंभरेक वर्षांपूर्वीची, जाड पुठ्ठ्याची. एका खलाशाला त्याचं जहाज परक्या बंदरात सोडून निघून जातं. खिशात काही नाही, भाषा येत नाही. एक म्हातारं खेचर तेवढं त्याच्या वाट्याला येतं आणि ते दोघं घराकडे चालत निघतात. मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायची आणि मग तो मराठीत सांगायची. माझं मराठी पुस्तकी, अण्णांचं गावचं. मी "खेचराने नकारार्थी मान हलवली" असं काही म्हटलं की ते पोट धरून हसायचे.

"नकारार्थी न्हवं गं. कान मागं टाकलं म्हण. खेचर न्हाई म्हणायचं झालं की कान मागं टाकतंय."

खलाशाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. ओझं कसं बांधलं, पाणी कधी पाजलं, हे ते खोदून विचारत. पुस्तकात नसलं तर मी बनवून सांगायची आणि ते त्यांना बरोबर कळायचं. "हे तू घुसडलंस," म्हणायचे.

चार सुट्ट्यांत आम्ही नदीपर्यंत आलो. नदीला पूर, होडी लहान. नावाडी म्हणतो, एक तर तू ये, नाही तर जनावर. खलाशी खेचराच्या मानेवर हात ठेवून काठावर उभा आहे, इथे प्रकरण संपलं आणि दुसऱ्या दिवशी तार आली. सुट्टी रद्द. एस.टी.त बसल्यावर अण्णांनी खिडकीतून विचारलं, "खेचराचं काय झालं, तेवढं सांग की."

मी शेवट वाचलेला होता. तरी म्हटलं, "पुढच्या सुट्टीत."

गंमत म्हणून म्हटलं. ते एकाहत्तरचं साल होतं. लढाई झाली. अण्णा जिवंत परत आले, पण तोफांनी कान नेले. उजवा पुरता गेला. डाव्याशी कुणी ओरडलं तर थोडं आत पोचायचं.

आईला ह्याची अडचण झाली नाही. मळ्याच्या ह्या बांधावरून त्या बांधावर बोलायची तिला जन्माची सवय. ती चुलीपाशी बसून विचारायची, "आवं, चा घेतला का?" आणि अण्णांच्या आधी गल्लीतून उत्तर यायचं, "घेतला, घेतला! आता आमच्याकडंबी धाडा!"

अडचण माझी होती. शाळेत आम्हाला शिकवलेलं की चांगल्या मुलीचा आवाज दोन हातांपलीकडे जात नाही. मी तर एक हातही कधी ओलांडला नव्हता. वर्गात उत्तर येत असूनही मी गप्प बसणारी. अण्णांच्या कानाशी तोंड नेलं की गल्ली आठवायची. आपण बोललेलं सगळी गल्ली ऐकणार, ह्या कल्पनेनेच शब्द आत फिरायचे. मग मी मान हलवायची, हातांनी खुणा करायची आणि उठून जायची.

घरात एक पाटी आणली होती. "जेवायला चला." "औषध घ्या." "मोटारीचं बटण बंद करा." मी एकदा त्या पाटीवर बारीक अक्षरात लिहिलं, "खलाशाने नावाड्याला विचारले—" आणि पुढे ठेवली. अण्णांनी ती वाचली आणि पंच्याने पुसली.

"पाटीवर हुकूम लिवत्यात," म्हणाले. "गोष्ट न्हाई."

त्यानंतर त्यांनी गोष्टीचं नाव काढलं नाही. मीही नाही. कॉलेजच्या सुट्टीत मी घरी आले की आम्ही दोघं सोप्यात समोरासमोर बसत असू आणि एस.टी.च्या खिडकीतला तो प्रश्न आमच्या मध्ये तसाच बसलेला असायचा.

सांगलीत माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. जैनांचं घर, हळदीची पेढी. तिच्या बाबांना यंत्रांचा नाद. त्यांनी मुंबईहून आठ मिलिमीटरचा एक प्रोजेक्टर आणला होता. एका रविवारी त्यांनी माडीवर पडदा लावून एका मांजराचं कार्टून दाखवलं. मूकपट होता. पोरं गडाबडा लोळत होती, त्यांची आजी पदरात तोंड लपवून हसत होती, आणि मला एकदम जाणवलं की पडद्यावर कुणीच बोलत नाही आणि इथे कुणाचं काहीच अडत नाही.

खाली आल्यावर मी मैत्रिणीकडून फिल्मांचं सूचीपत्र मागून घेतलं. मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचं. शेवटच्या पानांवर "जुन्या गाजलेल्या कादंबऱ्यांवरची कार्टून, घरी दाखवण्यासाठी" असा भाग होता आणि त्यात माझी कादंबरी होती. चार रिळं. शेजारी अंगठ्याएवढं चित्र: टोपी घातलेला माणूस आणि मागे लांब कानांचं जनावर.

मी त्या दुकानाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की हा माल परदेशातून यायचा बंद झाला आहे. दुसऱ्या दुकानाने उत्तरच दिलं नाही. मग अण्णांच्या कानांच्या पेन्शनच्या कागदांसाठी आम्ही साताऱ्याला गेलो तेव्हा तिथल्या एका सरकारी कचेरीसमोर गावोगाव सिनेमा दाखवणारी गाडी उभी दिसली. मी बराच वेळ पदर चाळवत उभी राहिले आणि शेवटी धीर करून आत गेले. विचारायचं ते कागदावर लिहूनच नेलं होतं. टेबलामागच्या गृहस्थांनी ते वाचून चष्मा वर केला.

"कादंबरी? आमच्याकडे कुटुंबनियोजन आहे. रासायनिक खतं आहेत. विहिरीत औषध टाकण्याचं आहे."

मी हळूच म्हटलं, "कार्टून?"

"आहे ना. माशी आणि पटकी. नेता?"

बाहेर अण्णा झाडाखाली उभे होते. त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं? मी हातानेच सांगितलं, काही नाही.

त्या वर्षी गावच्या जत्रेला काका आले. अण्णांचे धाकटे भाऊ. आमच्या भागातली पुष्कळ माणसं दूरदूरच्या शहरांत गलाईची दुकानं चालवतात. सोनारांच्या दुकानांतला केर, राख, जुन्या लुगड्यांची जर, जे मिळेल ते आणायचं, भट्टीत गाळायचं आणि त्यातलं सोनं-चांदी वेगळं करून द्यायचं. काकांचं दुकान मद्रासला. ह्या लोकांची एक रीत आहे. गाववाल्याच्या हातून फडक्यात बांधून, नावाची चिठ्ठी लावून काही आलं, तर कुणी काही विचारत बसत नाही. ते गाळतात आणि निघेल ते चिठ्ठीवरच्या नावाला जसंच्या तसं परत जातं. कणभर इकडेतिकडे झालं तर त्या माणसाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आईने जेवताना काकांपाशी माझं गाऱ्हाणं केलं. "पोरगी फिलम हुडकतीया गावोगाव. हिच्या बापाला दावायची म्हणं."

"फिलम?" काकांचा घास हातातच राहिला. "आगं, फिलमा आमच्याकडं पोत्यानं येत्यात."

"कशाला?" मी विचारलं.

"जाळाय!"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण खरंच होतं. काळ्या-पांढऱ्या फिल्मेत चांदी असते. जुन्या, तुटक्या फिल्मा, दवाखान्यातले एक्स-रे, सगळं भंगारातून त्यांच्याकडे येतं आणि भट्टीत जातं.

"रंगीत असली तर तिच्यात काय न्हाई," काका म्हणाले. "ती आमी टाकून देतो कोपऱ्यात. तुजी कसली?"

सूचीपत्रात लिहिलं होतं, रंगीत. काकांनी ताटावरून उठून हात धुतले आणि मला कार्डं आणायला पाठवलं. कलकत्ता, हैदराबाद, कोचीन, कानपूर, जिथे जिथे गावची माणसं होती तिथे एकेक कार्ड. मजकूर ते सांगत होते, मी लिहीत होते.

"नाव विंग्रजीत काढ. पर चित्रासारखं काढ, ठळक. आमच्या लोकास्नी वाचाय न्हाई यायचं. डब्यावरचं नि कार्डावरचं धरून बगतील, जुळतंय का."

मी ते नाव आठ वेळा लिहिलं. इतक्या काळजीने मी परीक्षेतही काही लिहिलं नसेल.

पुढचे सहा-सात महिने आमच्या घरी काय काय आलं! जो कुणी गावी येई तो काहीतरी घेऊन येई. एका साहेबाच्या लग्नाची फिल्म आली. नुसती आगगाडी जात राहते, अशी एक आली. एकाने कुणाच्या तरी छातीचे एक्स-रे पाठवले आणि खाली लिहिलं, "हे चालत असल्यास बघणे." मी त्या एक्स-रेला हसले, पण नंतर पुष्कळ वेळ ते हातात धरून बसले. ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, अशी माणसं कुठेतरी धुरात बसून, भट्टीत पोतं उपडं करण्याआधी माझं कार्ड बाहेर काढत होती आणि अक्षरांना अक्षरं लावून बघत होती. मी आयुष्यात कुणाकडे मोठ्याने काही मागितलं नव्हतं. आणि माझ्या एका कार्डासाठी एवढी माणसं वाकून शोधत होती.

उन्हाळ्यात काका पाहुण्यांच्या लग्नासाठी आले ते तीन डबे घेऊनच. कलकत्त्याच्या गाववाल्याने ते मद्रासला पोचवले होते. वरची अक्षरं माझ्याच कार्डावरची. आत चिठ्ठी: "रंगीत आहे. चांदी नाही म्हणून कोपऱ्यात पडले होते. चौथे सापडताच धाडतो."

"चौथं दुकानावर येईल," काका म्हणाले. "तिकडनं जो कुणी गावाकडं येईल तो घिऊन येईल. मी अजून पंधरा दिस हितंच हाय."

मैत्रिणीच्या बाबांनी प्रोजेक्टर आठ दिवसांसाठी दिला. दिला म्हणजे, गोधडीत गुंडाळून स्वतः एस.टी. स्टँडवर आणला, माझ्या मांडीवर ठेवला आणि कंडक्टरला दम भरला, "मुलीला उठवायचं नाही. मांडीवर नाजूक जिन्नस आहे." फिल्म कशी ओवायची ते त्यांनी मला चार वेळा करायला लावलं होतं.

रविवारी दुपारी आम्ही आतली खोली मोकळी केली, खिडकीला घोंगडी लावली, भिंतीवर अण्णांचं धुतलेलं धोतर ताणलं. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. आई, काका, शेजारच्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई मागे. मी यंत्रापाशी. काळोखात मला बरं वाटतं. कुणी बघत नाही.

खलाशी आला, बंदर आलं, जहाज निघून गेलं. मग खेचर आलं.

"हे काय, हरान हाय व्हय?" शेजारच्या सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं बोलणं अण्णांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण त्याच क्षणी ते ठणकावून म्हणाले, "खेचर हाय! कान बगा कान!" बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. सगळे दचकले आणि हसले. त्यानंतर अण्णाच सगळ्यांना गोष्ट सांगत राहिले. ओझं एका बाजूला झुकलंय. आता बसणार बघा. बसलं! चार सुट्ट्यांतलं सगळं त्यांच्या ध्यानात होतं. खेचराने कान मागे टाकले तेव्हा त्यांनी वळून काळोखात माझ्याकडे पाहिलं.

तिसरं रीळ नदीपाशी संपलं. फिल्म सुटून फडफडायला लागली आणि धोतरावर नुसता उजेड राहिला. अण्णा त्या उजेडाकडे बघत म्हणाले, "आन्?"

काकांनी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडून सांगितलं, "चौथं येतंय!"

चौथं गुरुवारी आलं. मद्रासहून आलेले एक गाववाले घाम पुसत सोप्यात बसले, त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि अण्णांच्या हातात दिली. "तुमच्या नावचं."

मी डब्याची वाट बघत होते. पुडीत ज्वारीच्या दाण्याएवढा चांदीचा मणी होता आणि दुकानातल्या कारागिरांची चिठ्ठी: "आपल्या नावचा माल गाळला. फार थोडे निघाले. निघाले ते सर्व पाठवले आहे. तपासून घेणे."

काकांनी कपाळावर हात मारला. आधी कुणाला काही समजेना, मग हळूहळू उलगडलं. चौथं रीळ रंगीत नव्हतं. मूळचं फाटलं असेल, कुणीतरी त्या जागी काळं-पांढरं घातलं असेल. ते अण्णांच्या नावाची चिठ्ठी लावून, फडक्यात बांधून, काका दुकानात नसताना पोचलं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी नेहमी करायचं तेच केलं. एवढ्याशा मालासाठी त्यांनी चांदी गाळायची वेगळी मूस लावली, दुसऱ्या कुणाच्या मालात ती चांदी मिसळू दिली नाही.

अण्णा तो मणी तळहातावर घेऊन बघत होते. "हे काय?"

आई हसून हसून बेजार झाली होती. ती ओरडली, "तुमचं खेचर!"

गल्लीत कुणीतरी खो-खो हसलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, काकांकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं, एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं होतं तसं.

"म्हंजे खेचराचं काय झालं?"

मी उठून त्यांच्या डाव्या बाजूला गेले. "तो परत गेला," मी म्हटलं. मलाच ऐकू आलं नाही. अण्णांनी कानामागे हात धरला आणि थांबले. घाई केली नाही, पाटी मागितली नाही.

"तो परत गेला!" मी ओरडले.

"कोण?"

"खलाशी! खेचराला काठावर बांधून एकटाच पार झाला! घरापर्यंत गेला! दारात पोचला! आणि आत गेलाच नाही! परत फिरला!"

बाहेरून आवाज आला, "कोण परत फिरलं गं? कुणाचा जावई?"

"खलाशी!" आईने तिकडे उत्तर दिलं.

"कंच्या गावचा?"

माझे कान तापले होते, पण आता थांबता येईना. "एकटा आत जायची लाज वाटली त्याला! पूर ओसरला होता! खेचर त्याच काठावर उभं होतं!"

"दावं?" अण्णांनी विचारलं.

"दावं सोडलेलं होतं! नावाड्याने कधीच सोडलं होतं! तरी उभं होतं!"

अण्णांनी मणी मुठीत धरला. "असतंय," म्हणाले. "उभं ऱ्हातंय." मग त्यांच्या त्या मोठ्या, बेहिशेबी आवाजात त्यांनी आम्हाला एका खेचराचं सांगितलं, जे त्यांना डोंगरावर सोडून यावं लागलं होतं. लढाईहून आल्यावर त्यांनी तिथलं काही पहिल्यांदाच सांगितलं. गल्लीतली माणसं दारात येऊन ऐकत होती.

शेवटी त्यांनी मला विचारलं, "दावं सोडल्यालं, हे तू घुसडलंस?"

"नाही!" मी ओरडले. "पुस्तकात आहे!"

पुढच्या जत्रेला ते म्हातारे कारागीर गावी आले. सोप्याच्या पायरीशीच उभे राहिले, वर येईनात. "ताई, लय मोठी चूक झाली. रंगीत असती तर वाचली असती बगा." मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते गांगरले. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. ते रीळ धड आलं असतं तर मी काळोखात यंत्रामागेच बसून राहिले असते, हे कसं सांगायचं ते सुचलं नाही. मी चहा करून आणला. मणी आईच्या कुंकवाच्या करंड्यात आहे.

आता मी सुट्टीत घरी आले की दुपारी वाचते. दुसरी कादंबरी निम्मी झाली आहे. पहिल्या वाक्याला अजून अडखळते. परवा जरा हळू सुरुवात झाली, तर भिंतीपलीकडून वहिनींच्या सासूबाई ओरडल्या, "आगं ए पोरी, मोठ्यानं वाच की! चुलीपाशी काय बी ऐकू येत न्हाई!"